बाजूची खाट

गोदाचा हात तुळशीदासच्या कपाळापर्यंत आला आणि तिथेच, कपाळाच्या थोडा वर, थांबला. "काकू, आजपासून असं नाही," चंदना सिस्टर म्हणाली. आवाज चढवून नाही, ती कधीच आवाज चढवत नसे. तिने भिंतीवरच्या खोक्यातून हातमोजे काढून गोदाला दिले, निळा गाऊन कसा घालायचा, मागच्या नाड्या कशा बांधायच्या ते दाखवलं आणि मग खाटेच्या पायथ्याला एक पिवळी पाटी अडकवली. पाटीची अक्षरं बाहेरच्या बाजूला होती, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. तुळशीदासला तिची कोरी पाठ तेवढी दिसत होती. गोदाने मोजे चढवले, बोटं नीट बसली नाहीत म्हणून ओढून पाहिली आणि मग तो मघाचा हात पुन्हा पुढे केला. कपाळावर काहीतरी टेकलं एवढं त्याला कळलं. ते गोदाचं होतं हे डोळे उघडे होते म्हणून कळलं. डोळे मिटले असते तर ती एखादी ओली पिशवी असती. गोदा वाकून त्याच्याकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांच्या घरी परक्याचं भांडं हातात घेतल्यासारखा संकोच होता, आणि तो संकोच आपल्यामुळे आहे, आपण आता असे आहोत की बायकोनेही जपून हात लावावा, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं.

गेली कित्येक वर्षं तो जव्हारच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खिडकीआड बसायचं, चालकांच्या सह्या घ्यायच्या आणि माईक तोंडाशी धरून मोखाडा, खोडाळा, विक्रमगड, नाशिक अशी नावं पुकारायची. त्याचा आवाज जाड होता, स्टँडच्या पत्र्यावर आपटून परत यायचा. बाजारात भाजी घेताना लोक आवाजावरून ओळखायचे. आजार आला तो पायांतून. आधी जुलाब झाले, ते थांबले आणि मग तळव्यांना मुंग्या. दुसऱ्या दिवशी पायरी चढताना गुडघा वळला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी माईक हातातून निसटून टेबलावर पडला, त्याचा कर्कश आवाज सगळ्या स्टँडभर झाला आणि प्रवासी हसले. तोही हसला होता. जीबीएस, डॉक्टर म्हणाले. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं. बहुतेक माणसं बरी होतात, पण वेळ लागतो. मोखाड्याच्या रस्त्याला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं, तिथल्या अतिदक्षता विभागात त्याला आणलं तेव्हा श्वासही चालेना. तोंडातून नळी घातली, ती पुरेना म्हणून पुढे घशाला भोक पाडून तिथून नळी घातली. आवाज गेला. सगळं शरीर पोत्यासारखं पडलं आणि आत तो मात्र पूर्ण जागा राहिला. डोळे हलत होते, ओठ हलत होते, जीभ टाळ्याला लावून 'टक्' करता येत होतं. त्या टक् वर चंदना यायची. हातात एक पुठ्ठा असायचा, त्यावर तिने मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहिली होती. ती अक्षरांवरून बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. पा. ठ. ख. एवढं झालं की ती म्हणायची, "पाठ खाजतेय," आणि खाजवायची. ती पोशेरा गावची पोर. बोलणं शाळेतलं, नीट, पण घाईत असली की 'नाही'चं 'नाय' व्हायचं.

ती त्याच्यासाठी जे जे करायची त्यातलं अर्धं त्याला आधी उगाचचं वाटायचं. खाट डोक्याकडून उचललेलीच राहिली पाहिजे, सरकला तर पुन्हा वर ओढायचं. दिवसातून कितीदा तरी तोंडाच्या आत औषधाचा बोळा फिरवायचा, दातांच्या मागे, जिभेखाली, गालांच्या आत. नळीतला कफ ओढायचा, त्याआधी हात चोळायचे, नंतर पुन्हा चोळायचे. हाताला चोळायच्या औषधाची बाटली खाटेला टांगलेली होती, तिचं दांडकं दाबल्याचा फिसकन् आवाज तो डोळे मिटूनही ओळखू लागला होता. इतकं करूनही ताप आला. छातीतला कफ तपासायला पाठवला आणि डॉक्टर सुदर्शन, वयाने तुळशीदासच्या मुलाएवढे, सकाळच्या फेरीत त्याच्या खाटेशी जरा जास्त वेळ थांबले. "काका, तुमच्या छातीत एक जंतू सापडलाय. हॉस्पिटलातलाच. नेहमीची औषधं त्याला लागू पडत नाहीत. दुसरं औषध सुरू करतोय, तुम्ही बरे व्हाल. पण हा बाकीच्यांना जाता कामा नये." मग ते गोदाकडे वळले. "हा हवेतून नाही जात, काकू. हातावरून जातो. कपड्यावरून जातो. तुमच्या, माझ्या, सिस्टरच्या. म्हणून यांना हात लावायचा तो मोजे घालून, आणि निघताना सगळं इथेच काढून, हात धुऊन." वेगळी खोली नव्हती. कोपऱ्यातली खाट त्याला दिली, मध्ये पडदा ओढला, आणि बाजूची खाट जमेल तोवर रिकामी ठेवू असं ते म्हणाले.

'हॉस्पिटलातलाच' हा शब्द तुळशीदासच्या मनाला लागला नाही. 'बाकीच्यांना जाता कामा नये' हे लागलं. दिवसभर तो ते वाक्य आत उलटंपालटं करत राहिला. सफाईची बाई त्याच्या खाटेखालचा पोछा वेगळा ठेवू लागली. एक्स-रेवाला आला आणि त्याने यंत्राला प्लास्टिक गुंडाळून मग ते तुळशीदासजवळ सरकवलं. हे सगळं बरोबर होतं, त्याला कळत होतं, आणि तरी प्रत्येक वेळी तो नजर छताकडे वळवत होता. लहानपणचं दाभोशाचं घर आठवत होतं. आवणीच्या दिवसांत पाड्यावरच्या बायका भात लावायला यायच्या. दुपारी त्या ओटीच्या खाली, उन्हात, ओळीने बसत आणि आई तांब्या घेऊन वरून पाणी सोडायची. भागी नावाची एक होती, उंच, काळीसावळी, ती ओंजळ तोंडाला लावून प्यायची आणि उरलेलं पाणी कोपरांवरून चिखलात गळायचं. तुळशीदास पाच-सहा वर्षांचा असेल. पाय घसरून तो विहिरीत जात असताना भागीनेच एकदा त्याला दंडाला धरून मागे ओढलं होतं, आणि घरी नेल्यावर आईने आधी त्याला पोटाशी धरलं, मग अंगणातच उभं करून अंगावर पाणी ओतलं. थंडी वाजली एवढंच त्याला तेव्हा कळलं होतं. भागी कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा आता आठवत नव्हता, कोपरं आठवत होती. आपलंही आता तसंच झालं, असं त्याच्या मनात आलं आणि क्षणभर त्या विचाराने बरंही वाटलं, जणू हिशेब मिटला. मग लाज वाटली. कारण आपल्या अंगात खरंच काहीतरी होतं, डॉक्टरांनी ते तपासून काढलं होतं. भागीच्या अंगात काय होतं? आणि आपण बरे झालो की पाटी निघणार होती.

पण अंगाला विचार कळत नाही. त्याला माणसाची कातडी हवी होती. नसा बधिर झालेल्या, त्यात रबर. दोन्ही मिळून काहीच पोचत नव्हतं. गोदा यायची, गाऊनमध्ये फुगलेली, त्याच्या मुठीत आपली रबरी बोटं घालून बसायची, घरचं सांगायची. पत्रे बदलले, मुलाचा पुण्याहून फोन आला, शेजारची म्हैस व्याली. तो तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मुठीत काही आहे का ते शोधायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात त्याने तिचा हात असा मुद्दाम कधी धरला होता? चालताना ती मागे, तो पुढे. आता भूक लागावी तसं त्याला ते हवं होतं.

बाजूची खाट रिकामी राहिली नाही. सगळ्या खाटा भरलेल्या असताना वावर गावच्या पाड्यावरची एक पोरगी आली. बायडी. बाळंतपणात झटके आले होते, बाळ वाचलं होतं, ती अजून अर्धवट शुद्धीत होती. नवरा कामाला भिवंडीकडे, त्याला निरोप गेला होता. बाहेर सासू बसलेली, फागी नावाची, नात मांडीवर घेऊन. पडदा पुरता सरकत नसे, त्या फटीतून तुळशीदासला बायडीचा एक गाल, सुकलेले ओठ आणि उशीवर विस्कटलेले केस दिसायचे. वय किती असेल, वीस? ती मधूनमधून 'आये, आये' म्हणायची. तिची आई नव्हती, असं गोदाने बाहेर ऐकून येऊन सांगितलं. फागीला आत यायला भीती वाटत होती. यंत्रांची, की आपल्या पायांना चिखल आहे याची, ते गोदाला सांगता आलं नाही. "दारातून बघते नि मागं फिरते," गोदा म्हणाली. "मी म्हटलं, अगं जा की. तर म्हणते, माना कोन रागं भरंल."

एका दिवशी दुपारी दोन सिस्टरपैकी एक जेवायला गेली होती आणि चंदना पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याला सुई लावत होती. गोदा बसली होती. तुळशीदासने ओठ हलवले. काढ. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा हलवले, डोळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. काढ. गोदाने मागे वळून पाहिलं. मग एका हाताचा मोजा तिने बोटांकडून ओढून काढला, बोटं ओली, पांढरी पडलेली होती, आणि तो हात तिने त्याच्या हातात ठेवला. आणि ते पोचलं. मुंग्यांच्या जाड थराखालून, पाण्याखालून यावं तसं, पण पोचलं: उष्णता, अंगठ्याजवळची विळीने कापलेली जुनी रेघ, काकणाचा थंड काठ. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गळ्यातल्या नळीच्या कडेने फेस आला. गोदाने घाबरून गाऊनच्या आतून पदर ओढून बाहेर काढला आणि तो फेस पुसला, मानेवरून, नळीभोवती, मग डोळे पुसले. त्या लुगड्याला घरचा वास होता, चुलीचा, कपड्यांच्या साबणाचा. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालेल. हे त्याला खरंच वाटलं.

तेवढ्यात फटीपलीकडून 'आये' ऐकू आलं. गोदा उठली. ती अशीच होती, कुणाचं लेकरू रडलं की तिचे पाय आपोआप वळायचे. पडद्यातून पलीकडे गेली. "काय गं बाय, काय होतंय?" तिने त्याच उघड्या हाताने बायडीचे केस मागे घेतले, त्याच पदराचं टोक पाण्यात भिजवून तिचे ओठ ओले केले, तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली, गाल पुसला. नंतर, हळूहळू, बोटांनीच केस मोकळे करून तिची वेणी घातली. तुळशीदास फटीतून बघत होता. डॉक्टरांचं वाक्य त्याला आठवलं. आठवलं नाही असं पुढे कधी स्वतःला सांगता आलं नाही. शब्द न् शब्द आठवला. हातावरून जातो, कपड्यावरून जातो. जीभ टाळ्याला लागली होती. एक टक् केला असता तर चंदना आली असती. पण चंदना आली असती म्हणजे गोदाला बोलली असती, पुन्हा कधी मोजा निघाला नसता. आणि गोदा किती मायेने करत होती. आणि एवढ्याने काय होतंय. असे सगळे विचार एकामागून एक आले, गर्दीत पुढच्याला ढकलत यावेत तसे, आणि जीभ टाळ्यालाच राहिली. वेणी पुरी झाली. गोदा परत आली, हसत होती. "गप झाली बघा," म्हणाली आणि मोजा पुन्हा चढवला.

दोन-तीन दिवसांनी बायडीला ताप भरला. ती थोडी शुद्धीवर येत होती, ती पुन्हा गेली. श्वास घरघरू लागला, तोंडावर मास्क आला, रक्तदाब खाली घसरला की यंत्र केकाटायचं आणि सगळे तिकडे धावायचे. नाशिकला हलवायचं का यावर डॉक्टर फोनवर बोलत होते. मग तपासणी आली. तोच जंतू. डॉक्टर सुदर्शन पडद्याच्या पलीकडे उभे राहून बोलले. त्यांना हळू बोलायचं होतं, पण ते थकलेले होते आणि आवाज चढला. "सिस्टर, या दोन्ही खाटा तुमच्याकडे होत्या."

"हो, सर."

"मग इथून तिथे गेलं कसं?"

"मी प्रत्येक वेळी हात धुतले, सर. गाऊन बदलला."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग ते चालत गेलं का?"

तुळशीदासला फटीतून चंदनाचे फक्त हात दिसत होते, पोटाशी एकमेकांत धरलेले. सारखं औषध लागून बोटांची कातडी फुटली होती, पेरांवर पांढऱ्या चिरा. त्या हातांकडे डॉक्टरांनी बघितलं असतं तर, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, डॉक्टरांनी कशाला, तू बघतोयस ना.

संध्याकाळच्या आधी ती त्याच्याकडे आली. उद्यापासून तिला खालच्या वॉर्डात टाकलं होतं. तिने नेहमीसारखं तोंड स्वच्छ केलं, उशी वर ओढली, कफ ओढला. मग पुठ्ठा हातात घेतला. "काका, काही सांगायचंय?" तुळशीदासने डोळे मिटून घेतले. अक्षरासाठी नाही, मिटले ते मिटूनच ठेवले. श्वास यंत्र देत होतं, झोपेचं सोंग करायला तेवढं बरंच होतं. ती थोडा वेळ उभी राहिली. पुठ्ठा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवल्याचा आवाज आला, मग बाटलीचा फिसकन् आवाज, मग पावलं.

त्यानंतरचे दिवस त्याने त्या पुठ्ठ्याकडे बघत काढले. नवीन सिस्टर चांगली होती, पण तिला टक् चा अर्थ माहीत नव्हता, पुठ्ठा कशासाठी तेही तिने विचारलं नाही. गोदा मात्र रोज विचारायची, काढू का खाली. तिला चौथीपर्यंतची अक्षरं येत होती. तो नजर वळवायचा. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपल्याला आवाज नाही म्हणून आपण गप्प आहोत. आता आवाज हे निमित्तच होतं हे त्याला दिसत होतं. तो मनात वाक्य जुळवायचा. 'चंदनाचा दोष नाही.' एवढ्याने कुणी विचारेल, मग कुणाचा? 'मोजा काढला होता.' कुणी? प्रत्येक वाक्यात शेवटी गोदा यायची. गोदाचं नाव न घेता खरं सांगता येईल असं एकही वाक्य त्या बाराखडीत सापडत नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती येऊन सांगायची, पोरीचा ताप उतरत नाही, फागी बाहेर बसून असते, नातीला वॉर्डातल्या दुसऱ्या बाळंतिणी आळीपाळीने पाजतात. "आणि ती चंदना बिचारी. इतकी चांगली पोर, असं कसं केलं तिनं." हे ऐकताना तुळशीदासला आपल्या अंगावर काही नाही, सगळ्यांसमोर उघडे पडलो आहोत, असं व्हायचं; पायांवरची चादर वर ओढायला हात उचलायचा प्रयत्न व्हायचा आणि हात थोडासा हलायचा. डॉक्टर त्या हलण्यावर खूश होते.

आणि एक प्रश्न होता, तो त्याने पुष्कळ दिवस दूर ठेवला. तो नेमका दुपारी, जेवणं झाल्यावर खोली शांत झाली की यायचा. बाजूच्या खाटेवर आपली बहीण असती तर? आपली पोरगी असती, पुण्याची सून असती, त्याच नळीभोवतीचा फेस पुसलेला पदर गोदाने तिच्या तोंडाला लावला असता, तर जीभ टाळ्याला राहिली असती? राहिली नसती. टक् टक् टक् करून त्याने सगळा विभाग गोळा केला असता. तेव्हा त्याच्या मनात 'एवढ्याने काय होतंय' आलं, ते वावरच्या पोरीसाठी आलं. ते काही तिथे पडल्या पडल्या सुचलेलं नव्हतं. अंगणात पाणी ओतून घेतलं होतं त्याच्याही आधीपासून ते कुठेतरी आत होतं, आणि त्याला वाटत होतं की नोकरीच्या इतक्या वर्षांत, एकाच माईकवर सगळ्यांच्या गाड्या पुकारता पुकारता, ते केव्हाच गेलं.

बायडीचा ताप हळूहळू खाली आला. नाशिकला न्यावं लागलं नाही. एका सकाळी तिने पाणी मागितलं, स्पष्ट, आणि फागी पहिल्यांदा आत आली. तुळशीदासची छातीही सुटत चालली होती. यंत्र दिवसाचा बराच वेळ बंद राहू लागलं, कफाचे अहवाल लागोपाठ स्वच्छ आले. चंदना खालीच होती. मग एक दिवस डॉक्टर सुदर्शन हसत आले. नळीच्या फुग्यातली हवा सोडली, नळीच्या तोंडावर टोपण बसवलं. "आता हवा वर जाईल, काका. बोलून बघा. एखादी गाडी पुकारा." गोदा खाटेच्या कडेला दोन्ही हात तोंडाशी धरून उभी होती. नवी सिस्टर होती. सगळे त्याच्या ओठांकडे बघत होते. घशातून आधी नुसती हवा गेली, मग पत्रा ओढल्यासारखा आवाज आला, तो आपला आहे यावर त्याचा विश्वास बसेना.

"चंदनाने नाही केलं," तो म्हणाला.

"काय?" डॉक्टर वाकले.

"ते बायडीचं. चंदनाने नाही. मी. मी हिला मोजा काढायला लावला. हिने पदराने माझं पुसलं. मग तिचं पुसलं. मी बघत होतो." दम लागला. "मला बोलावता आलं असतं. नाही बोलावलं. नंतर पण नाही सांगितलं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते काढायला ते विसरले होते. तुळशीदासने गोदाकडे बघितलं. ती समजून घेत होती, एकेक गोष्ट उचलून दुसरीशेजारी ठेवावी तशी. मग तिने पदराचं टोक कमरेला खोचलेलं होतं ते चाचपलं आणि हात पटकन बाजूला घेतला.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "मी सांगितलं होतं ना."

"हो. सांगितलं होतं." गोदा खाली बघत होती. "यांनी काढायला लावला म्हणून नाही. मला पण यांचा हात धरायचा होता."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, नक्की असं कधीच सांगता येत नाही. दुसऱ्याही वाटा असतात, एकाच खोलीत, एकाच फरशीवर सगळे. पण ते जे म्हणत होते त्यावर त्यांचाच भरवसा नव्हता, आणि जाताना ते चंदनाकडे गेले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी ती वर आली. त्यांनी तिची माफी मागितली की नाही हे तुळशीदासला कधी कळलं नाही. ती आली, हात चोळले, नळीभोवतीची पट्टी बदलायला लागली. तो बोलायचं जुळवत होता. तिनेच विषय काढला, पट्टीवरची नजर न उचलता.

"त्या संध्याकाळी तुम्ही जागे होतात ते कळलं होतं मला, काका."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलू? वाटलं, तुम्हाला माझीच लाज वाटत असेल." ती पट्टीचं टोक दाबून बसवत होती. "माझं जाऊ द्या. मी खाली होते, बरी होते. ती पोर मरता मरता राहिली."

एवढंच. नंतर ती त्याच्याशी पूर्वीसारखीच वागली, म्हणजे व्यवस्थित. पण कामाचं सोडून दुसरं काही बोलायची ते बंद झालं. तिने ओरडावं, निदान रागाने पट्टी ओढावी, असं त्याला वाटायचं. ती फार हळू ओढायची. सांगून टाकलं की हलकं वाटेल असा त्याचा समज होता. सांगितल्यावर तेवढं झालं की आता ते त्याच्या एकट्याचं राहिलं नाही, गोदाचंही झालं. ती येऊन खाटेपासून हातभर लांब बसू लागली. पाटी निघाली होती, मोजे लागत नव्हते, आणि तिचे हात मांडीवरच असायचे.

त्याला साध्या खोलीत हलवलं. घशातली नळी निघाली, भोकावर पट्टी राहिली. आता हाताची बोटं थोडी वळत होती. तिथे एका सकाळी फागी आली. बायडीला घरी सोडत होते, बाहेर जीप थांबली होती, नवरा औषधं आणायला गेला होता. फागी दारात उभी, बुटकी, कमरेला घट्ट नेसलेलं लुगडं, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेली नात. तुळशीदासकडे तिने पाहिलं नाही. तिला गोदा हवी होती.

"बाय, तुला सांगाया आले. सून सांगते, ती बेशुद होती तवा कोनी एक बाय आली नि तिची वेनी घातली. तिला वाटला, तिची मेलेली आयच आली. नर्सबाई बोलली, ती तूच." तिने बाळाला खांद्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांवर धरून पुढे केलं. "हिला घे. आशीर्वाद दे."

गोदा उठून उभी राहिली. तिचे हात पुढे झाले नाहीत. तुळशीदासला वाटलं, घेईल, घे, घेऊन टाक, काय बिघडतंय; आणि आपण पुन्हा तेच म्हणतोय हे कळून त्याचे कान तापले. गोदा म्हणाली, "फागीबाय, नको. ऐक आधी." आणि तिने सांगितलं. मोजा काढलेला, पदराने ह्यांचं पुसलेलं, तोच पदर बायडीच्या तोंडाला लावलेला. "त्यातनं तिला तो ताप आला. माझ्या हातनं आला."

"मीच काढायला लावला होता हिला मोजा," तुळशीदास म्हणाला. त्याचा आवाज अजून फाटका होता. फागी दचकली, जणू खाटेवर कुणी माणूस आहे हे तिला आताच दिसलं.

"काय बोलतात हे?"

"ते म्हणतात, दोष त्यांचा."

फागीने पुढे धरलेलं बाळ मागे घेतलं. रागाने नाही. तिने ते छातीशी घेतलं, मग दुसऱ्या खांद्यावर, गोदापासून लांबच्या, आणि त्याच्या पाठीवरचं फडकं नीट केलं. ती बराच वेळ त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. जीपवाल्याने बाहेर हॉर्न वाजवला. तुळशीदासला तिच्या नजरेपासून तोंड वळवायचं होतं आणि मान तेवढी वळत होती आता. त्याने ती वळवली नाही.

"मोरी कुठं हाय?" फागीने विचारलं.

गोदाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"साबन लावून धू. मंग घे."

गोदा बेसिनकडे गेली. काकणं कोपरांपर्यंत सारून ती धुवत राहिली, पाण्याचा आवाज थांबेना. फागी खाटेजवळ आली. तुळशीदासचे हात चादरीवर पडले होते, बिनकामाचे, गोरे पडलेले, नखं वाढलेली. तिने ते पाहिले.

"यांच्या हातांना पन पानी आन धुवाया," ती गोदाला म्हणाली. "इथं हायत तर हे पन घेतील ना हातात."

गोदाने घमेल्यात पाणी आणलं, साबण आणला, आणि त्याचा उजवा हात उचलून पाण्यात घातला. किती तरी दिवसांनी ती त्याला हात लावत होती. पाणी थंड होतं, ते त्याला कळलं. एकेक बोट ती चोळत होती, खाली बघून, आणि फागी वाकून नीट लक्ष देऊन बघत होती.

"नखातला पन," ती म्हणाली.

तुळशीदासने बोटं जमतील तेवढी फाकवली.